एका दिवसाची मुंबई: सासूबाईंना गोदी बघायची आहे आणि पोरांना पेंग्विन, कसं जमवायचं?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला जायचं चाललंय. रात्री सांगलीत महालक्ष्मी एक्सप्रेसला बसायचं, सकाळी उतरायचं, दिवसभर फिरायचं आणि त्याच रात्री परत महालक्ष्मीनेच यायचं. ह्यांना सुट्टी तेवढीच मिळतीय त्यामुळे मुक्काम नाही. आम्ही पाच जण, आम्ही दोघं, मुलगी पाचवीत, मुलगा पहिलीत आणि सासूबाई. सासूबाईंचं वय सत्तरच्या पुढं, गुडघे दुखतात पण बागेत रोज चालतात, सपाटीवर काही त्रास नाही, जिने आले की बसत बसत जातात.

यादी काढायला बसलो तर कागद पुरेना. गेटवे, बोट, राणीबाग, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, जुहू, म्हातारीचा बूट, ह्यांना अटल सेतू बघायचाय, मुलीला वर्गातल्या कुणीतरी डबल डेकर बसचं सांगितलंय, धाकट्याला फक्त पेंग्विन पाहिजेत बाकी काही नको.

पण खरं विचारायचं ते वेगळंच आहे. सासूबाईंचे वडील मुंबईच्या गोदीत कामाला होते, जहाजातल्या गोण्या उतरवायचं काम. गावाकडं महिन्याला मनिऑर्डर यायची आणि ते स्वतः गणपतीला नाहीतर जत्रेला. सासूबाई कधीच मुंबईला गेल्या नाहीत, लग्नाआधी नाही आणि नंतरही नाही, समुद्र बघितला तो गणपतीपुळ्याला. परवा त्या म्हणाल्या की तुम्ही कुठं जायचं तिथं जावा पण मला ती गोदी एकदा दाखवा. आता गोदी म्हणजे नक्की कुठं जायचं असतं, आत सोडतात का, तिकीट असतं का, कुणालाच माहीत नाही. गूगलवर बघितलं तर नुसते नकाशे आणि कंपन्यांचे पत्ते येतात. कुणी तिकडं राहिलेलं असेल तर सांगा, आणि बाकी यादीतलं काय ठेवू काय काढू तेही सांगा.

गिरगाव ते मिरज

ताई, माझं लहानपण गिरगावात गेलं, आता नोकरीमुळं मिरजेत असतो. पहिलं म्हणजे यादीवर सरळ काट मारा. जुहू काढा, हाजी अली काढा, म्हातारीचा बूटही काढा. ह्या जागा वाईट आहेत म्हणून नाही, पण मुंबई लांबट आहे, दक्षिण उत्तर पसरलेली, आणि सगळी यादी धरली की दिवसभर माणूस टॅक्सीच्या खिडकीतून मुंबई बघतो आणि रात्री गाडीत बसल्यावर पोरांना काय बघितलं ते आठवत नाही. एक बाजू धरा. सगळे लोक मरीन ड्राइव्हची बाजू धरतात, तुम्हाला सासूबाईंसाठी बंदराची म्हणजे पूर्वेची बाजू धरायला पाहिजे, आणि गंमत अशी की तुमच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी त्याच बाजूला आहेत.

सीएसएमटीला न उतरता दादरला उतरा, महालक्ष्मी दादरला थांबते. तिथून टॅक्सीने सिद्धिविनायक, सकाळी लवकर गर्दी कमी असते, फक्त मंगळवार नको. दर्शन झालं की देवळाजवळच भुयारी मेट्रोचं स्टेशन आहे, सिद्धिविनायक नावाचंच. ही अ‍ॅक्वा लाइन ऑक्टोबर २०२५ पासून पार कफ परेडपर्यंत जाते, त्याआधी वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंतच होती. वीस पंचवीस मिनिटांत सीएसएमटीला, सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे, सासूबाईंना काही त्रास नाही. मुंबईतला सकाळचा ट्रॅफिक जमिनीवर राहतो आणि तुम्ही खालून जाता. रविवारी मात्र मेट्रो उशिरा सुरू होते ते बघा.

सीएसएमटीला बाहेर येऊन रस्ता ओलांडून समोर उभं राहा आणि ती इमारत दहा मिनिटं नीट बघा. आपण गाडी पकडायच्या घाईत ती कधी बघतच नाही. १८७८ ला काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं, फ्रेडरिक स्टीव्हन्स नावाचा आर्किटेक्ट, २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मुलीला सांगा दगडात कोरलेले प्राणी शोध म्हणून, माकडं, मोर, घोरपडी, बाहेर फाटकाच्या खांबावर एक सिंह आणि एक वाघ बसलेत. पोरं त्यात रमतात.

डबल डेकर तिथूनच मिळते. जुन्या लाल डिझेलवाल्या २०२३ मध्ये बंद झाल्या, आता एसी बॅटरीवरच्या आहेत, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली की पोरं खूश. ती तुम्हाला गेटवेच्या दारात सोडणार नाही, थोडं चालावं लागेल, कंडक्टरला विचारून उतरा. आणि एक ध्यानात ठेवा, त्या भागात रिक्षा अजिबात नाहीत, फक्त काळी पिवळी टॅक्सी. मीटरने या म्हणून आधी सांगायचं आणि मगच बसायचं.

गेटवेवरून घारापुरीची म्हणजे एलिफंटा बेटाची बोट घ्या. हीच तुमची गोदी बघायची जागा आहे, त्याचं पुढं कुणीतरी जास्त चांगलं सांगेल. सोमवारी लेणी बंद असतात. तेव्हा सोमवार नको, मंगळवार नको, आणि बुधवारी राणीबाग बंद असते म्हणून बुधवारही नको. गुरुवार किंवा शुक्रवार धरा. शनिवार रविवार दिवाळीच्या सुट्टीत गेटवेला पाय ठेवायला जागा नसते.

जतचा गडी

ताई माझं जरा वेगळं मत हाय. बोट म्हंजे अर्धा दिवस गेला समजा. जायला तास, यायला तास, वर जाऊन बघायला दीड दोन तास, त्यात रांग. आणि घारापुरीला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या हायत, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते लई जड जातंय. धक्क्यापासनं पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी हाय ती ठीक, पण पायऱ्या त्या पायऱ्याच. दोन्ही बाजूला माळा आन टोप्यांची दुकानं, पोरं दर दुकानात थांबत्यात, माकडं हातातलं खायाचं वढून घेत्यात.

पोरं लहान हायत तर सरळ राणीबागेत जावा. तिकीट स्वस्त, दोन मोठी दोन पोरं मिळून फॅमिली तिकीट शंभर रुपयात मिळतंय. पेंग्विन हायत, वाघ हाय, झाडं एवढी मोठी की उन्हाचं काय वाटत नाही, बसायला बाकडी हायत, म्हातारं माणूस आरामात बसतंय. आमच्या पोरांनी मुंबईतलं फकस्त पेंग्विन ध्यानात ठेवलं, आजून चित्र काढत्यात. थंड काचेच्या खोलीत ती पाण्यात सूळकन जात्यात तवा बारकी पोरं काचेला नाक लावून उभी राहत्यात, हलवायला लागतंय. गेटवेला बोट करायचीच असंल तर तिथल्या तिथं एक फेरी मारून आणणारी बी बोट असती, अर्ध्या तासात परत. गोदी लांबनं दिसंल की तेवढ्यात.

डॉकयार्ड रोड

मी पाटणचा, वडिलांची सगळी नोकरी गोदीत गेली आणि मी डॉकयार्ड रोड स्टेशनच्या बाजूला वाढलो. ताई तुमच्या सासूबाईंचं वाचलं आणि लिहायला बसलो, जरा लांबेल.

गोदीच्या आत बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत, पास लागतो, सुरक्षेचा विषय आहे, तिकीट वगैरे प्रकार नाही. तेव्हा फाटकावर जाऊन विनंती करण्यात वेळ घालवू नका. पण फाटकं बाहेरून बघता येतात आणि सासूबाईंनी त्यांच्या वडिलांच्या तोंडून कदाचित ती नावं ऐकली असतील, यलो गेट, ग्रीन गेट, रेड गेट, ऑरेंज गेट. पत्ता असा नव्हताच, कामगार फाटकाच्या रंगावर बोलायचा. आज ग्रीन गेटला पाळी आहे, असं. त्यांना एकदा विचारून बघा, नाव निघालं तर त्याच फाटकावरून टॅक्सी न्या, पी. डिमेलो रोडने सीएसएमटीहून भायखळ्याकडं जाताना ती एकामागून एक उजव्या हाताला लागतात.

गोदी म्हणजे काय ते पोरांना आधी सांगून ठेवा म्हणजे बोटीतून बघताना कळेल. मुंबईचं पाणी भरती ओहोटीला चार पाच मीटर वरखाली होतं. उघड्या धक्क्याला जहाज लावलं तर ओहोटीला ते खाली जाणार आणि माल चढवायची पंचाईत. म्हणून खोदून मोठा हौद केला आणि त्याला समुद्राच्या तोंडाशी दरवाजे बसवले. भरतीला दरवाजे उघडून जहाज आत घ्यायचं, दरवाजे लावायचे, बाहेर ओहोटी लागली तरी आतलं पाणी तेवढंच. ह्या दरवाजाच्या गोद्या. सगळ्यात जुनी कुलाब्याची ससून डॉक, १८७५ ची, आता तिथं मासळी उतरते. मग प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया, आणि १९१४ ची अलेक्झांड्रा, तिलाच आता इंदिरा गोदी म्हणतात. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया बुजवून टाकल्या, इंदिरा चालू आहे.

आपल्या सातारा सांगलीकडची माणसं तिथं हजारोंनी होती. माण, खटाव, पाटण, शिराळा, जत, जिथं पाऊस नाही नाहीतर जमीन नाही तिथून माणूस मुंबईला गेला, कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी मशीद बंदरला माथाडी. गावकीची एक खोली असायची, एका खोलीत गावातली वीस वीस माणसं पाळीपाळीने झोपायची, जेवण खाणावळीत. आधी कामगार टोळीवाल्याच्या हाताखाली असायचा, आज काम आहे उद्या नाही, सकाळी फाटकावर उभं राहायचं आणि मुकादम बोट दाखवेल त्याला काम. १९४८ ला गोदी कामगारांचा कायदा झाला, मग डॉक लेबर बोर्ड आलं, नावनोंदणी झाली, काम नसलं तरी हजेरीचे पैसे मिळायला लागले. हा फरक वडील शेवटपर्यंत सांगायचे. त्यांच्याकडं गोणीत अडकवायचा लोखंडी आकडा होता, मूठ लाकडी, हाताला लागून लागून गुळगुळीत झालेली. सासूबाईंच्या माहेरी कुठं कौलाखाली तसा आकडा पडलेला असेल तर जपून ठेवा.

सासूबाईंचे वडील १९४४ च्या आधीपासून असतील तर आणखी एक गोष्ट त्यांना माहीत असणार. १४ एप्रिल १९४४ ला दुपारी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज पेटलं, पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला आणि सोन्याच्या विटासुद्धा. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. गोदी आणि आजूबाजूची वस्ती जळाली, शेकडो माणसं गेली, आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो तो त्याच्यामुळं. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे, राणीबागेपासून लांब नाही.

आता बोटीचं. जतच्या दादांचं पायऱ्यांबद्दल खरं आहे पण गेटवेची अर्ध्या तासाची फेरी घेऊ नका, ती ताजच्या समोर फिरून परत येते, गोद्यांच्या दिशेला फारशी जात नाही. घारापुरीच्या बोटीने बंदर आडवं ओलांडता. गेटवे सुटलं की आधी नौदलाची जहाजं, राखाडी रंगाची, तिथं फोटो काढू नका. त्याच्या पुढं बॅलार्ड पियर, मोठं प्रवासी क्रूझ असेल तर तिथं लागलेलं दिसतं. त्याच्या मागं क्रेनांची रांग आहे ना ती इंदिरा गोदी. सासूबाईंना तिथं बोट दाखवा. मधे मिडल ग्राउंडचं छोटं किल्ल्यासारखं बेट, मग जवाहर द्वीप, तिथं तेलाचे टँकर लागतात, बोट जवळून जाते तेव्हा पोरांना कळतं की जहाज म्हणजे किती मोठं असतं. घारापुरीजवळ आलात की पलीकडं न्हावा शेवाच्या उंच क्रेना दिसतात. ते बंदर १९८९ ला सुरू झालं आणि कंटेनर तिकडं गेले, गोण्या पाठीवर वाहायचं काम संपलं ते त्यामुळं. उत्तरेला अटल सेतू दिसतो, २०२४ च्या जानेवारीत उघडलेला, जवळजवळ बावीस किलोमीटर, म्हणजे तुमच्या ह्यांचंही काम तिथंच झालं. एका तासाच्या बोटीत माणसाने वाहिलेल्या गोणीपासून कंटेनरपर्यंत सगळं समोर येतं, दुसऱ्या कुठल्या जागेवरून ते दिसत नाही. अर्धा दिवस गेला तर जाऊ दे, तो अर्धा दिवस त्यांच्यासाठीच आहे.

मेणवलीकर (वाई)

वरच्या सगळ्यांशी सहमत. फक्त घारापुरीला वर गेलात तर त्रिमूर्तीसमोर थोडं बसा, वीस फुटांच्या आसपास उंच आहे ती आणि खरं म्हणजे तीन तोंडांचा सदाशिव आहे, ब्रह्मा विष्णू महेश नाहीत. डावीकडं रागीट मुख, मधलं शांत, उजवीकडचं स्त्रीसारखं नाजूक. डोळ्यांना अंधाराची सवय झाली की मग हळूहळू सगळं उमटायला लागतं, म्हणून घाई नको. बाजूला कल्याणसुंदर म्हणजे शंकर पार्वतीचं लग्न आहे, ते सासूबाईंना आवडेल. रावण कैलास उचलतोय ते पण आहे पण बरंच फुटलंय.

आणि पावसाने बोट बंद वगैरे झालीच तर गेटवेपासून चालत पाच सात मिनिटांवर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. आमच्या मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या संग्रहातल्या काही वस्तू तिथं पोचल्यात, पुरुषोत्तम मावजींनी जमवलेल्या आणि १९१५ ला म्युझियमने घेतलेल्या. औंधचं म्युझियम बघितलं असेल तर हेही आवडेल, पण दोन तास तरी पाहिजेत, उगीच धावत बघायची जागा नाही ती.

कृष्णाकाठची (सांगली)

सगळ्यांचे खूप आभार. डॉकयार्ड दादा, तुमचं मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. फाटकांची नावं आली तसं त्या म्हणाल्या ग्रीन गेट ग्रीन गेट, आमचं दादा (म्हणजे त्यांचे वडील) गिरीन गेट म्हणायचं. इतकी वर्षं घरात कुणाला हे माहीत नव्हतं. स्फोटाचं त्यांना आठवत नाही, त्या तेव्हा जन्मलेल्याही नव्हत्या, पण आकाश लाल झालेलं असं आजी सांगायची म्हणे.

आता बोट नक्की झाली. पण माझे प्रश्न उरलेत. एक म्हणजे मुलाला एसटीत घाटात उलटी होते, बोटीत काय होईल? लाइफ जॅकेट देतात का? सासूबाई वर चढल्या नाहीत तर खाली बसायला जागा आहे का, बाथरूम आहे का? आणि बोट करून राणीबाग होईल का त्याच दिवशी, का धाकट्याला नाराज करावं लागणार?

गिरगाव ते मिरज

होईल, घड्याळ सांभाळलं तर नक्की होईल. साडेनऊच्या आसपासची बोट धरा, दोन पर्यंत परत गेटवेला. घरून डबा न्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, काहीही, बोटीतून येतानाच खाऊन घ्या, बेटावर माकडांसमोर उघडू नका. मग गेटवेहून टॅक्सी करून पी. डिमेलो रोडने ग्रीन गेटवरून सरळ राणीबाग, तीनच्या आत पोचाल. टॅक्सीवाला दुसऱ्या रस्त्याने जाऊ म्हणेल, त्याला सांगा आम्हाला ह्याच रस्त्याने जायचंय. राणीबागेचं तिकीट संध्याकाळी बंद व्हायच्या बऱ्याच आधी मिळायचं थांबतं म्हणून उशीर नको, आणि सुट्टीत पेंग्विनला रांग असते, आत गेल्या गेल्या आधी तिकडंच जा.

मुलीसाठी एक सांगतो. राणीबागेतच भाऊ दाजी लाड म्युझियम आहे आणि त्याच्या बाजूला बागेत एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते ह्याच हत्तीवरून. १८६४ ला इंग्रज तो उचलून न्यायला गेले आणि क्रेन मोडून त्याचे तुकडे झाले, मग तुकडे इकडं आणले आणि १९१४ ला पुन्हा जोडले. सकाळी लेणी बघितल्यात आणि दुपारी त्याच बेटाचा हत्ती बघितलात असं होईल. जोडल्याच्या रेघा अजून दिसतात, तिला शोधायला सांगा.

परत येताना भायखळ्याहून लोकलने सीएसएमटी. संध्याकाळी लोकलचं नाव काढलं की बाहेरगावची माणसं घाबरतात पण गर्दी सीएसएमटीहून बाहेर जाणाऱ्या गाड्यांना असते, त्या वेळी सीएसएमटीकडं येणारी गाडी मोकळी असते, बसायला मिळतं. फक्त दादरला जाऊन महालक्ष्मी पकडू नका, म्हाताऱ्या माणसाला घेऊन सीएसएमटीलाच निवांत चढा. साडेसातला स्टेशनात असलात की झालं. वेळ उरला तर समोर आरामचा वडापाव खा.

जतचा गडी

बरं मग माझं पेंग्विन बी राहिलं आणि बोट बी झाली, हे चांगलं झालं. उलटीचं म्हणाल तर दिवाळीच्या टायमाला समुद्र शांत असतोय, घाटासारखं गरगरत नाही. रिकाम्या पोटी बसवू नका आणि गच्च खाऊन बी नको, आलेपाकाची वडी ठेवा तोंडात. सासूबाईंना वर जायचंच असंल तर खाली डोलीवाले असत्यात, खुर्चीत बसवून वर नेत्यात, भाव आधी ठरवून घ्या आणि जाऊन येऊन दोन्हीचा ठरवा, वर गेल्यावर परतीचं वेगळं मागत्यात काही जण.

डॉकयार्ड रोड

ग्रीन गेट वाचून अंगावर काटा आला ताई. त्या फाटकासमोर टॅक्सी दोन मिनिटं थांबवता येते पण सुरक्षारक्षक असतात, फाटकाचा फोटो काढू नका, नुसतं उभं राहून बघू द्या त्यांना.

लाइफ जॅकेट बोटीत असतात, मागून घ्या आणि पाचही जणांनी घाला. लोक उकडतं म्हणून काढून मांडीवर ठेवतात, ते नका करू. बंदरात नौदलाच्या, मासेमारीच्या, तेलाच्या सगळ्याच बोटी एकाच पाण्यात फिरतात. पोराचं जॅकेट लहान मापाचं आहे का बघा, मोठं दिलं तर बदलून मागा, आणि बोट जास्तच भरलेली वाटली तर त्या बोटीत बसू नका, पुढची अर्ध्या तासात असतेच. बाथरूमचं म्हणाल तर गेटवेजवळ आणि बेटावर सोय आहे, बोट सुटायच्या आधी सगळ्यांनी जाऊन या. सासूबाई वर नाही गेल्या तरी चालेल, धक्क्यापासून पायथ्यापर्यंत बांधलेली लांब वाट आहे, तिथून बंदर दिसतं, चहाची दुकानं आहेत, कुणीतरी एक जण त्यांच्याजवळ थांबा.

वरच्या डेकला थोडे पैसे जास्त घेतात आणि चढायला लोखंडी शिडी आहे, सासूबाईंना खालीच बसवा, पण कठड्याजवळची जागा धरा. मधल्या बाकावर बसलं की माणसांच्या पाठी दिसतात.

कृष्णाकाठची (सांगली)

ठरलं मग. गुरुवार. दादर, सिद्धिविनायक, मेट्रो, सीएसएमटी समोरून, गेटवे, बोट, ग्रीन गेट, राणीबाग, लोकल. जुहू आणि बाकीचं पुढच्या वेळी. डबल डेकर जमली तर सीएसएमटीहून, नाहीतर टॅक्सी. धाकट्याला पेंग्विन मिळाले म्हणून तो खूश आहे, मुलगी आत्तापासून हत्तीच्या रेघा म्हणतीय. सासूबाईंनी भावाला फोन करून माहेरी आकडा आहे का बघायला सांगितलंय, त्यांनी माळ्यावर चढून शोधतो म्हटलंय. शेवटचं एकच विचारते, कठड्याजवळ बसायचं म्हणालात ते बोटीच्या कुठल्या बाजूला?

डॉकयार्ड रोड

जाताना डाव्या हाताला, येताना उजव्या. गेटवेला रांगेत लवकर लागा म्हणजे ती जागा मिळेल. जायच्या वेळी उन्हाची तिरीप समोरून येते, सासूबाईंना टोपी नाहीतर पदर डोक्यावर घ्यायला सांगा, म्हणजे क्रेना नीट दिसतील.